मैदानाच्या मधोमध

या बाळांनो, पुढे सरका. आणि मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही मांडी घाला.

एका जंगलात एक बहुउद्देशीय मैदान होतं. बहुउद्देशीय म्हणजे काय? तर तिथे हत्तींची लग्नं लागत, माकडांची प्रदर्शनं भरत आणि सिंहमहाराजांची भाषणं होत. खेळ तेवढा होत नसे.

एकदा बातमी आली, की इथे कांगारू आणि पेंग्विन यांचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होणार!

मैदानाची राखण भिकाजी सशाकडे होती. तीन पावसाळे खपून त्यानं हिरवळ वाढवली. आणि ससा असून त्यातलं एक पातं तोंडात घातलं नाही. बायको चिडायची.

"अहो, निदान कडेचं तरी खा!"

"सामना होऊ दे गं. यावरून चेंडू पळताना एकदा बघतो, मग खातो."

मैदान समितीचा सचिव होता कोल्हा. त्यानं विचारलं, "महाराज, उद्घाटनाची कोनशिला कुठे बसवू?"

"सगळ्यांना दिसेल अशी बसव."

झालं! कोल्ह्यानं दोरी लावून मैदानाचा मध्य काढला आणि तिथे हत्तीएवढी शिला उभी केली. वर महाराजांचं नाव, खाली समितीतल्या बेचाळीस जणांची. भिकाजीच्या नावाला जागा उरली नाही.

सामन्याच्या दिवशी कांगारूंचा कप्तान म्हणाला, "हा दगड जरा हलवता का?"

कोल्ह्यानं कान पकडले. "महाराजांचं नाव आहे हो त्यावर! हवं तर मैदान हलवतो."

आणि खरंच हलवलं. हत्तींनी हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळली आणि टेकडीपलीकडे नेऊन अंथरली. भिकाजी आनंदानं उड्या मारू लागला. कप्तानानं चेंडू मधोमध ठेवला.

"थांबा!" कोल्हा धापा टाकत आला. "मैदान नवं झालं. आधी उद्घाटन!"

त्याच्यामागून चार हत्ती दुसरी शिला आणत होते.

मग सत्कार झाले. पेंग्विनांना शालींमध्ये फार उकडलं. चेंडूलाही हार घातला. सामना न खेळताच नारळ घेऊन पाहुणे मायदेशी गेले.

भिकाजीला फार वाईट वाटलं. शिलेच्या सावलीत बसून त्यानं तीन पावसाळ्यांतलं पहिलं पातं तोडलं.

"ए!" कोल्हा ओरडला. "कोनशिलेभोवतीचं गवत खायचं नाही. शोभा जाते."

तात्पर्य: मन लावून राखलेली हिरवळ कधीच वाया जात नाही. तिच्यावर दुसऱ्याचं नाव छान उठून दिसतं.