लाल तोंडाचे बंकटनाना

बंकटनाना नवीन माणसाला आधी नमस्कार करत नाहीत. ते त्याच्या जवळ जातात, अगदी वीतभर अंतरावर, आणि तोंडावर भसकन श्वास सोडतात. "घ्या वास," म्हणतात. "हाय का कायी?" माणूस दचकून मागं सरतो, नाही म्हणून मान हलवतो. मग नाना समाधानानं हात जोडतात. "आता राम राम. आता बोला."

हे वेड नाही. म्हणजे थोडं आहेच, पण त्याला कारण आहे. नानांचं तोंड लाल आहे. नाक, दोन्ही गाल आणि कपाळाचा मधला पट्टा. गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं, मधूनमधून पुटकुळ्या, आणि नाकाचा शेंडा कायम सुजलेला. आमच्या पाटोद्यात असं तोंड दिसलं की लोकांना एकच कारण सुचतं, आणि ते बाटलीत मिळतं. नानांनी तर उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यावर लोक म्हणतात, "माळ घालून पितो, लई पोचलेला हाय." आता या लोकांपुढं काय डोकं फोडायचं?

माझं मेडिकल नानांच्या घरासमोर आहे. मधे एक रस्ता आणि एक गटार. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं, कोण रुसतं, कोण येतं, सगळं मला बसल्या जागी कळतं. मी चौकस नाही. दुकानाचं तोंडच तिकडं आहे.

नानांचा धंदा लग्नात माईक धरण्याचा. आमच्याकडं लग्नात भटजीवाचून एक वेळ भागेल, माईकवाल्यावाचून नाही. तालुक्यात पुढाऱ्यांची काही कमी नाही, आणि मांडवात आलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यावं लागतं. नाव राहिलं तर माणूस जेवत नाही. मान कमीजास्त झाला तर वर्षभर बोलत नाही. नानांची यात कधी चूक नाही. ग्रामपंचायतीला तीनदा पडलेला एक गृहस्थ आहे, त्याला नाना "जनतेच्या मनातले सरपंच" म्हणतात. तो गृहस्थ त्यांच्यावर जीव टाकतो.

माईक हातात नसला तरी नानांची भाषा तीच. संध्याकाळी ओट्यावरून आवाज येतो, "रेखाताईंना नम्र विनंती हाय, त्यांनी पाण्याचा तांब्या घेऊन ओट्याकडं यावं."

आतून लेकीचं उत्तर येतं, "ताई भाकरी थापायलेत. अध्यक्षांनी सोता उठावं."

अध्यक्ष निमूट उठतात. घरात दोघंच. रेखाची आई गेली तेव्हा पोरगी सातवीत होती. धाकटा भाऊ सोपान आणि त्याची बायको शेजारच्याच घरात राहतात, पण चूल वेगळी.

आता माईकचा धंदा आणि असलं तोंड, यांचं जन्माचं वैर. लग्न वैशाखात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, वर पत्र्याचा मांडव. दर दहा मिनिटांनी कुणीतरी उकळता चहा आणून देणार. जेवणात काळ्या तिखटाचा रस्सा. चौथ्या मंगलाष्टकाला नानांचं तोंड तव्यासारखं तापायचं. पाहुणे एकमेकांना कोपर मारायचे, "सकाळपासूनच चालू दिसतंय." नानांना ते ऐकू जायचं. मग ते माईक खाली ठेवून पहिल्या रांगेत यायचे आणि ओळीनं सगळ्यांना वास द्यायचे.

उपाय काय कमी केले? कुणी सांगितलं लिंबू चोळा. चोळलं, रात्रभर बोंबलले. कुणी सांगितलं कोरफड. कुणी सांगितलं चुन्याची निवळी. चुलत मेव्हणा म्हणाला, ही नागीण आहे, गेरू लावा. आधीच लाल तोंड, त्यावर गेरू. नाना चार दिवस देवळाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडासारखे ओट्यावर बसले होते. एका म्हातारीनं खरंच हात जोडले.

आणि मग माझा उपाय. तो सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आठ वर्षांपूर्वी नाना दुकानात आले. "दत्ता," म्हणाले, "बाया ती गोरं व्हायची ट्यूब नेतेत, ती मला दे." मी दिली. मी डी.फार्म. झालेला माणूस. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही, हे मला माहीत होतं. तरी दिली. चार दिवसांत लाली उतरली. नाना खूश, मी खूश. मग ट्यूब सोडली की लाली दुप्पट होऊन यायची. मग पुन्हा ट्यूब. आठ वर्षं हेच. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आणि मी आपला फळीवरून ट्यूब काढून देत राहिलो. माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडायचा नाही.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते रेखाचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हा. गेल्या वैशाखातली गोष्ट. पाहुणे पोरगी बघायला बसले होते आणि नाना एका लग्नावरून उन्हातनं थेट घरी आले. तोंड पेटलेलं. पाहुण्यांच्या नजरा त्यांनी ओळखल्या. झालं. मुलाच्या आजोबांपासून सुरुवात केली, "घ्या वास." आजोबांनी कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

आठ दिवस ओट्यावरून एकही नम्र विनंती ऐकू आली नाही.

नानांना दवाखान्यात न्यायला मला दिवाळी उजाडली. ते म्हणायचे, "तोंड दाखवायला बीडला कावून जायचं? हितं काय कमी लोकांनी बघितलंय?" शेवटी एके दिवशी एसटीत घातलंच. कातडीच्या डॉक्टरबाई होत्या, तरुण. नानांनी आधी त्यांनाही वास दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी विचारलंच नाही. हा दारूचा आजार नाही. न पिणाऱ्यांनाही होतो. याला रोझेशिया म्हणतात."

नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "नाव तर बाईमाणसाचं दिसतंय."

बाईंनी नीट समजावलं. तोंडाच्या बारीक रक्तवाहिन्या लगेच फुगतात आणि हळूहळू तशाच राहतात. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. ऊन टाळा, गरम चहा टाळा, तिखट टाळा, शेकोटीजवळ बसू नका. राग आला, लाज वाटली तरी तोंड लाल होणार. नानांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी पाटोद्यात राहायचं सोडून बाकी सगळं चालतंय," म्हणाले.

मग लावायला जेल लिहून दिलं. नाव वाचून मी सांगितलं की हेच औषध जुलाब थांबवायच्या गोळीत असतं. नानांचा चेहरा पडला. "बाई, माझ्या तोंडाला हगवण लागली का?" बाई खळखळून हसल्या. वर काही आठवड्यांच्या गोळ्या आणि रोज लावायचं उन्हाचं क्रीम. शेवटी त्यांनी ट्यूबबद्दल विचारलं. मी खाली बघून सांगितलं. बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "ती आजपासून बंद," म्हणाल्या. "पण आधी तोंड खूप भडकेल. दोन-तीन महिने कळ काढा. त्यात एकदा जरी परत लावलीत, तर पहिल्यापासून सुरुवात."

परत येताना घाट चढल्यावर नाना म्हणाले, "दत्ता, त्या बाईनं दोन्ही हातांनी गाल धरून बघितलं रे. हातमोजे घातले न्हाईत. रेखाची आई गेल्यापासून या तोंडाला कुणी उघड्या हातानं शिवलं नव्हतं." मग खिडकीबाहेर बघत बसले. मी तिकीट चुरगाळत बसलो.

बाई म्हणाल्या तसंच झालं. महिनाभरात तोंड असं भडकलं की आरशात बघायची सोय राहिली नाही. आणि नेमकं तेव्हाच शिरूर कासारचं स्थळ आलं. मुलगा पंचायत समितीत कारकून, घर चांगलं, आणि रेखानं फोटो बघून नाही म्हटलं नव्हतं. बघायला येणार रविवारी.

गुरुवारी नाना दुकानात आले. मफलर डोळ्यांपर्यंत. "दत्ता, एकच ट्यूब दे. रविवारपुरती. पुन्हा न्हाई मागणार."

"नाना, बाई काय म्हणाल्या?"

"बाईला लेक न्हाई लग्नाची. एक स्थळ या तोंडानं घालवलं बे मी. दुसरं घालवू का?"

माझा हात फळीकडं गेला होता, खोटं सांगत नाही. पण मी दिली नाही. आठ वर्षं द्यायची नव्हती तेव्हा दिली, आणि माणूस पाया पडतोय तेव्हा नाही म्हणालो. नाना निघून गेले. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

शनिवारी सोपाननं तोडगा काढला. आमच्या भागात या दिवसांत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. कुणी घरी दिसला नाही की कारखान्याला गेला म्हणायचं, त्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. पाहुण्यांना सांगायचं, पोरीचे वडील टोळी घेऊन कारखान्यावर गेलेत. सोपान बैठकीत बसणार. रेखानं ऐकून भांडण केलं, दोन भांडी आपटली. पण नानांनीच हुकूम सोडला. हे लपणं त्यांच्या हिशोबी बोलणी जमेपर्यंतचंच होतं.

रविवारी सकाळी नाना माझ्या काउंटरमागं स्टुलावर येऊन बसले. समोर पाहुण्यांची जीप लागली. नाना औषधांच्या खोक्यांआडून बघत होते. "मुलगा उंच हाय," म्हणाले. थोड्या वेळानं, "रेखानं हिरवी साडी नेसली का रे? तिला सांगितलं होतं हिरवी नेस." मला दिसत नव्हतं. तरी हो म्हणालो.

अर्ध्या तासानं मुलाचे वडील एकटेच बाहेर आले आणि रस्ता ओलांडून थेट माझ्या दुकानात. फेटा, पांढरा सदरा. "डोकं चढलंय, गोळी द्या." मी गोळी आणि पाणी दिलं. गोळी हातातच ठेवून ते बाकावर टेकले. चौकशीला आले होते, हे माझ्यासारख्या जुन्या मेडिकलवाल्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडं सोयरिकीची खरी बैठक घरात होत नाही, ती समोरच्या दुकानात होते.

त्यांनी मला सोडून नानांनाच गाठलं. "तुमी हितलेच का?"

नानांनी मफलरातून मान हलवली.

"समोरची पोरगी बघायला आलोय. पोरगी पसंत हाय. पर बाप कारखान्याला गेलाय म्हनतेत, अन् लोक म्हनतेत पितो. तुमाला काय म्हाईत?"

मी ड्रॉवर उघडून उगीचच काहीतरी शोधायला लागलो. मला वाटलं, आता नाना स्वतःला दोन-चार पदव्या लावतील. आख्ख्या तालुक्याला लावल्या होत्या. पण त्यांनी मफलर आणखी वर ओढला. मग हळूच म्हणाले, "पीत न्हाई." लगेच पुढं म्हणाले, "बापाचं सोडा. पोरीचं सांगतो."

आणि सांगत राहिले. आई गेली तेव्हा सातवीत होती, पहिली भाकरी जाळली तर स्वतः खाल्ली, बापाला चांगली वाढली. चहा निवल्याशिवाय कप पुढं करत नाही. "एकदा लग्नात तिच्या मैतरणी हसल्या. माईकवाला बेवडा हाय म्हनल्या. त्याइंना म्हाईत नव्हतं बाप कोन ते. ही गप बसली असती तर कुनाला कळलं नसतं. तर ही उठून स्टेजवर आली, सगळ्यांसमोर ओढणीनं माझं तोंड पुसलं अन् तिथंच खुर्ची टाकून बसली. तवापासून कुठल्याबी लग्नाला आली की पहिल्या रांगेत बसती. लोकाइंना दिसावं म्हनून, की ही माझी…"

नाना थांबले. काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं. मी ड्रॉवर बंद केला तो आवाजही मोठा वाटला.

पाहुण्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, फेटा सारखा केला. मग विचारलं, "कारखान्यावरून कवा आलात?"

नानांनी मफलर काढला. सगळं तोंड दिसलं, लाल, पुटकुळ्यांनी भरलेलं, ओलं. "गेलतोच न्हाई," म्हणाले.

"मग चला. बाप बैठकीत लागतो."

"तोंड लई भडकलंय आज. दोन महिन्यानं या. डॉक्टरबाई म्हनल्यात उतरंल."

"दोन महिन्यानं लगीन धरू," पाहुणे म्हणाले. "तवर उतरलं तर उतरलं." आणि त्यांनी नानांच्या दंडाला धरून उठवलं.

दोघं रस्ता ओलांडून गेले. साडी हिरवीच होती. रेखानं दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि ती दारातच, उंबऱ्यावर, खाली बसून रडायला लागली. आतून तिची काकू ओरडत होती, पाहुण्यांसमोर रडू नको, डोळे लाल दिसतील म्हणून.