नोझलातली पिन

इंजिनाचे नवे नोझल बसवण्याआधी नुसते पुसून घ्यावेत, एवढंच मी ठरवलं होतं. नवं भांडं आपण धुतल्याशिवाय चुलीवर चढवतो का? त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. ते पुढे झालं.

आमच्या होडीला इंजिन बसून दोन वर्षं झाली, तरी रावजीची होडी रोज आमच्या आधी बंदराला लागायची. तिचे पापलेट विकून व्हायचे तेव्हा मी पाटी मांडायची. शेवटी म्हसळ्याहून येऊन बंदरावर शेड टाकलेला मिस्त्री दिनानाथ माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भागोजीकाका, मोठे नोझल घाला. आत डिझेलची पिचकारी जोरात बसली की होडी पळंल." त्यानेच मुंबईहून दोन नोझल मागवले. भागोजीने ते ओटीवर ठेवले आणि आंघोळीला गेला.

मी पान्याने पहिल्याची टोपी सोडवली. (पाना मला चालवता येतो. कुठे थांबायचं ते येत नाही.) ग्रीस पुसताना आतून बारीक पोलादी सुई घसरून हातात आली. आता मी स्टो वापरणारी बाई. स्टोच्या तोंडात पिन मोडून अडकली की ज्योत मरते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हटलं, माल वापरलेला दिसतो. दुसरा उघडला, तर त्यातही पिन! एकात असती तर चूक म्हणून सोडली असती, दोन्हीत म्हणजे लबाडी. (दोन्हीत आहे म्हणजे ती तिथंच असायची असेल, हे माझ्या चौथी पास डोक्यात आलं नाही.) दोन्ही पिना मागच्या दारातून खाडीत भिरकावल्या, टोप्या आवळल्या आणि दिनानाथला मनातल्या मनात माफ केलं. न भांडता मी कुणाला माफ केलं असेल तर ते तेवढंच.

संध्याकाळी भागोजीने ते इंजिनाला बसवले. दुसऱ्या दिवशी भरतीला सगळ्या होड्या सुटल्या. आमचा भागोजी हँडल मारतोय, मारतोय, आणि इंजिन नुसतं पांढरा धूर खोकतंय. खांद्यातून कळ आली तेव्हा तो मटकन खाली बसला. मी पदर खोचला.

दिनानाथच्या शेडपुढेच बाजार भरतो. तिथे उभी राहिले. "चोरा! जुना माल आमच्या गळ्यात मारतोस? म्हसळ्यात कुणी दारात उभं करीना म्हणून हितं आलास व्हय?" अर्धा तास मी थांबले नाही. होडीवाल्या कोंडाजीने दुरुस्तीला दिलेला पंप गुपचूप उचलून नेला. रावजीचं इंजिन खोलायचं ठरलं होतं, तोही "बघू मागाहून" म्हणाला. दिनानाथ पाना घेऊन आमच्या होडीवर आला, मागून सगळा बाजार.

त्याने एक नोझल उघडून आत पाहिलं. मग दुसरा.

"काकी, सुया कुठं हायत?"

"कसल्या सुया?"

"आतल्या. डिझेल सोडतात आणि अडवतात त्याच. त्या न्हायत तर नोझल म्हणजे नुसतं भोक."

"त्या... अडकल्या होत्या. मी काढल्या."

"ठेवल्या कुठं?"

"खाडीत."

भागोजी म्हणाला, "आवडा, माझं काळीज बी एकदा उघडून पुसून ठेव." शेजारची नीराबाई एवढी हसली की तिच्या पाटीतले बोंबील वाळूत सांडले. हसला नाही तो दिनानाथ. "नव्या सुया यायला आठ दिवस लागतील," एवढं बोलून तो आपल्या रिकाम्या शेडकडे गेला. ती शेड मी रिकामी केली होती.

जिथे शिव्या दिल्या तिथेच माफी मागायची, असं ठरवून तिसऱ्या दिवशी भर बाजारात गेले. मला येताना पाहून दिनानाथने दार लोटून आतून कडी घातली.

"दिनानाथ, बाहेर ये!" मी दार बडवलं. "चूक माझी हाय! ऐकतोस का न्हाय? माझी हाय म्हणते ना!" (आवाज मला एकच आहे. देवाला हाक मारायलाही तोच.)

कोंडाजी पंप खांद्यावर घेऊन धावत आला. "आवडाबाई, सोड त्याला! हा बघ, पंप परत त्याच्याकडंच देतो, पण दार मोडू नको!"

रावजीने माझा दंड धरला. "माझं इंजिन बी तोच खोलंल! तू आधी मागं सर!"

"अरे, मी माफी मागतेय!"

"अशी?"

तेवढ्यात आतून दिनानाथचा आवाज आला, "दिली माफी, काकी, दिली! काकी घरी पोचल्या की कुणीतरी येऊन सांगा रं, मग कडी काढतो."