पडून, कण्हून, जपानी शिकवून

सूनबाईच्या शिकवणीला आपणही थोडा हातभार लावावा, असं मला वाटलं. (मला असं काही वाटलं की बायको आधी औषधाचा डबा शोधते.)

पोरगा कामाला होता तो कारखाना बंद पडलेला, त्यामुळे घर सूनबाईवर. कॉम्प्युटरवरून जपानी शिकवायची नोकरी तिला मिळणार होती. पण आधी नमुन्याचा एक तास, तोही साहेबांच्या डोळ्यांदेखत. विषय होता, कामाला काम जोडणं. आपण नाही का उठून, नाहून, जेवून म्हणत? जपानीतही क्रियापदाला तसंच शेपूट लागतं, आणि गंमत म्हणजे विशेषणालासुद्धा! (मी सातवी नापास, पण शेपटांचं मला लगेच कळतं.)

"कुणी करून दाखवलं तर पटकन समजेल विद्यार्थ्यांना," सूनबाई म्हणाली.

"मी आहे की!"

"बाबा, फक्त उठायचं, पाणी प्यायचं, बसायचं. चावटपणा नको. हात जोडते."

"हात कसले जोडतेस, त्यांचे पाय बांध!" बायको आतून ओरडली.

तास सुरू झाला. उठलो, प्यालो, बसलो. पडद्यावरचे चेहरे मख्ख. साहेबानं तर जांभई दिली. म्हटलं, गेली पोरीची नोकरी! जरा मसाला घालावा म्हणून खुर्चीवर चढलो आणि खोटंखोटं डगमगलो. खुर्ची मात्र खरीखुरी डगमगली.

कमरेखाली काडकन वाजलं. सूनबाई पांढरीफटक. ती माझ्याकडे झेपावणार, तेवढ्यात मी जमिनीवरूनच डोळे वटारले: शिकव! ती पडद्याकडे वळली.

"खुर्चीवर चढून..."

"नोत्ते!" विद्यार्थी ओरडले.

"पडून..."

"ओचिते!"

"दुखरं असून..." तिचा आवाज फाटला.

"इताकुते!" सगळे एका सुरात. (हेच ते विशेषणाचं शेपूट.)

बायको दारात आली. "पुरे झाली नाटकं. उठा आता." मग तिनं माझा चेहरा नीट बघितला आणि मटकन खाली बसली. तास संपेपर्यंत माझा हात धरून रडत होती, आवाज न करता.

खुबा मोडला. तेव्हापासून मी पडूनच आहे, आणि मी चालण्याचा विषय काढला की डॉक्टर हवापाण्याचं बोलतो. सूनबाईला नोकरी मात्र लागली. साहेबाचा फोन आला तेव्हा मी कान टवकारून होतो.

"काय म्हणाला गं माझ्याबद्दल?"

ती मान खाली घालून म्हणाली, "शिकवणं आवडलं म्हणाले. फक्त तो म्हातारा बदला म्हणाले. कण्हणं अगदीच खोटं वाटतं."