हमालाचे दोन शेवट

"त्याला जिवंत केलाय," सलाउद्दीन म्हणाला, आणि रंगनाथ पगारेच्या हातातला चहा बशीत सांडला.

सलाउद्दीन नाशिकरोडच्या एका थेटरात ऑपरेटर होता, आणि ज्याला जिवंत केला होता तो रंगनाथचा बाप होता. म्हणजे पडद्यावरचा. रंगनाथ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून. लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहता वाहता त्याचा बाप वॅगनच्या दाराशी कोसळला तो उठलाच नाही. त्यावर रंगनाथने कथा लिहिली आणि मुंबईच्या एका निर्मात्याने तिच्यावर चक्क सिनेमा काढला. शेवटही होता तसाच ठेवला: हमाल मरतो, गोणी फुटते, आणि लोक आधी कांदे गोळा करतात.

सिनेमा पहिल्याच आठवड्यात आडवा झाला. तिकीट काढून लोक सुतकात कशाला बसतील, असं निर्मात्याचं म्हणणं पडलं. त्याने घाईघाईने नवा शेवट चित्रित केला आणि शेवटचं रीळ बदलायचं फर्मान गावोगाव धाडलं. आता हमाल कोसळतच नव्हता. संध्याकाळी धडधाकट घरी यायचा, बायको ताट वाढायची, पोरगा पहिला नंबर आल्याचं सांगायचा आणि हमाल हसत हसत भाकरी चापायचा. पंचाईत एवढीच, की मधल्या काळात त्या नटाने दुसऱ्या सिनेमात सावकाराचं काम धरलं होतं. त्यामुळे नव्या रिळातला हमाल चांगला गरगरीत दिसत होता.

रंगनाथच्या पायाखालची जमीन सरकली. गुरुवारी त्याची आई, गोजराबाई, लासलगावहून सिनेमा बघायला येणार होती. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, नंतरही कधी नाही. पडद्यावर तरी तिने ते मरण बघावं, एकदाचं मोकळं व्हावं, एवढ्यासाठीच तर त्याने ही सगळी उरस्फोड केली होती.

"गुरुवारी बाराच्या खेळाला जुनं रीळ लाव," तो म्हणाला. "मेहेरबानी कर, पण त्याला मरू दे."

"रंगनाथभाऊ, मॅनेजर मला मारेल ना. नवंच लाव म्हणून ताकीद दिलीय."

"म्हातारी एकदाच येणारे रे."

सलाउद्दीन विरघळला. जुनं रीळ अजून परत गेलं नव्हतं. "जबान दिली," तो म्हणाला. वाईट एवढंच, की नवं रीळ लावायची जबान त्याने मॅनेजरलाही दिली होती, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता.

गुरुवारी हमाल ठरल्याप्रमाणे मेला. कांदे गडगडले. कुणीतरी नाक शिंकरलं. रंगनाथने चोरून आईकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे ठणठणीत. 'समाप्त'ची पाटी आली, लोक उठून अंधारात चपला चाचपडू लागले, आणि पडदा पुन्हा उजळला. हमाल दारातून आत आला. पांढरंशुभ्र धोतर, गाल वर आलेले.

"आरं, ह्यो मेला व्हता ना?" मागून आवाज आला.

"मंग? मेलेलाच हाय त्यो. कशी तब्येत सुधारलीय बघ."

"त्याच्या बायकूला भास व्हतोय. येडी झाली बिचारी."

लोक खाली बसले. बायको भाकरी वाढू लागली तसे थेटरात हुंदके सुरू झाले. पोराने पहिल्या नंबराची बातमी सांगितली तेव्हा तर पुढच्या बाकांवरचे दांडगे गडी ढसाढसा रडले. हमाल पोट धरून हसला, आणि ते हसणं कुणाला बघवेना. रंगनाथने एवढं दुःख लिहिलं होतं, पण निर्मात्याचं सुख त्याच्यावर ताण करून गेलं.

तो तरातरा ऑपरेटरच्या खोलीत शिरला. "हे काय केलंस?"

"तुमचं जुनं लावलं, मॅनेजरचं नवं लावलं. दोघांचा शब्द राखला."

"अरे, बापाला मारून परत जेवायला बसवलंस!"

"मग काय उपाशी ठेवू?" सलाउद्दीन दुखावून म्हणाला.

रंगनाथ हात टेकून बाहेर आला. खेळ सुटला होता. गोजराबाई पायरीवर बसली होती, आणि तिचे डोळे रडून सुजले होते.

"आई, ते शेवटी जे दाखवलं ना..."

"तुला कुनी सांगितलं?" तिने विचारलं.

"काय?"

"त्यो सांजच्याला घरी येतो ते. मी कुनापाशी बोलले नाय. लोक येडी म्हणतील." ती त्याच्याकडे रोखून बघत राहिली. "तूच लिवलं ना ते?"

निर्मात्याला घालायच्या शिव्या रंगनाथच्या ओठांवर होत्या. त्या त्याने गिळल्या.

"हो. मीच लिहिलं."

"लिवलंस खरं," गोजराबाई पदराने नाक पुसत म्हणाली. "पण एक चुकलं तुझं. त्यो जेवत नाय रे. ताट वाढलं, की नुसता बघत बसतो."

"चुकलंच, आई," रंगनाथ म्हणाला, आणि तिला हाताला धरून एस.टी.कडे घेऊन गेला. दिवेलागणीच्या आत तिला घरी पोचायचं होतं.