मुकुट काही निघेना!

आपण कुठं कमी पडू, ही शंका रोहिदास कोळीच्या मनाला उभ्या जन्मात शिवली नव्हती. "राजा म्हंजे मी! बाकीचे नुसते झगे घालतात," असं तो बायकोला, शांतीला, रोज चहाबरोबर ऐकवायचा.

जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीत वर्धापनदिनाला नाटक व्हायचं आणि मुख्य भूमिका दरवर्षी चौथ्या मजल्यावरच्या फजलभाईंची असायची. यंदा निवडलं होतं जुनं ऐतिहासिक नाटक. धाकटा भाऊ थोरल्याचा काटा काढतो, पुतण्याला तळघरात कोंडतो आणि गादी बळकावतो! वाचतानाच रोहिदासच्या तोंडाला पाणी सुटलं. फजलभाई भाचीच्या लग्नाला उरणजवळ मोऱ्याला गेले, त्याच रविवारी त्यानं मीटिंग बोलावली आणि पंधरा मिनिटांत राजा झाला.

फजलभाई परतले ते थेट सेनापती होऊन. काम एकच, शेवटच्या प्रवेशात दुष्ट राजाचा मुकुट उतरवायचा.

"मला मीटिंगचा मेसेज कसा नाय आला रे?"

"नेटवर्क, फजलभाई! मोऱ्याला रेंज कुठं हाय?"

त्या दिवसापासून फजलभाईंनी लिफ्टमध्ये रोहिदासकडं बघणं सोडलं.

इकडं राजाला पुठ्ठ्याचा मुकुट चालेना. पितळी हवा! आणला. तो डोक्यावर ढिला बसला, खाली बघितलं की नाकावर यायचा. रोहिदासनं डोकं चालवलं आणि पंक्चरवाल्याकडून ट्यूब चिकटवायचं सुलोचन आणून आतून फासलं.

"अवो, निघंल ना नंतर?" शांतीनं विचारलं.

"टेन्शन नको घेऊस. सगला विचार केलाय मी!"

नाटक रंगलं. रोहिदास असा गरजला की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीवर चढली. शेवटी फजलभाई तलवार परजत आले. "उतरव तो मुकुट, पाप्या!" म्हणत त्यांनी मुकुट ओढला. मुकुटाबरोबर राजाही पुढं आला! पुन्हा ओढला. राजा पुन्हा आला, बोंबलत.

"सोड ना," फजलभाई पुटपुटले.

"मी कुठं धरलाय?"

"रोल घेतलास, आता शेवटपन खातोस?"

"आई शपथ, चिकटलाय!"

"नेटवर्कपन असंच चिकटलं होतं काय?"

दोघांच्या कॉलरला माइक होते. सोसायटी कान टवकारून ऐकत होती. फजलभाईंनी तलवार फेकली, राजाच्या छातीला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी असा हिसका दिला की रोहिदासला आपला जन्म आठवला.

"सांगतो, सांगतो!" तो किंचाळला. "मुद्दाम नाय बोलावलं तुमाला! तुमी असता तर मला कोनी उभं केलं असतं काय?"

फजलभाईंचे हात थांबले.

"येड्या, मागितला असतास तर दिला असता," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात शांती खोबरेल तेलाची बाटली घेऊन स्टेजवर चढली. "सेनापती, बाजूला व्हा!" तिनं अर्धी बाटली राजाच्या टाळूवर ओतली. "आनि तुमी, खाली बसा! नरडीचा आवाज बंद!" असा सणसणीत हुकूम तीन अंकांत कुणी सोडला नव्हता. राजा मुकाट बसला. तिनं मुकुट गरकन फिरवून उपसला. समोरचे केस मुकुटात राहिले, टाळ्या मात्र छप्पर उडेल अशा पडल्या.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगला रोहिदासनं पहिला मेसेज फजलभाईंना टाकला. दोघं शेजारी बसले. राजाच्या भूमिकेसाठी सोसायटीनं एकमतानं नाव सुचवलं: शांती कोळी!

आता तालमीत दोघं भाले घेऊन दाराशी उभे राहतात. वाक्य एकच, तेही निम्मं निम्मं वाटून घेतलेलं.

"फजलभाई, लिहून ठेवा," रोहिदास मिशी पिळत म्हणतो, "नाटकात खरा भाव द्वारपालालाच हाय!"