पॉम्पेच्या जात्याला हळद

बायको, राजाबाई, गेली ते मानसिंगला सकाळी अकराला फोनवर कळलं. कोपरखैरण्याच्या घरात तो तिच्यासाठी मऊ भात शिजवत होता. दवाखान्यातून मुलगा रणजीत "आबा, लगेच या," एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मानसिंगनं गॅस बंद केला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. धाकटी मेहुणी गोजरा साताऱ्याहून आली, मोकळी रडली आणि मध्येच थांबून म्हणाली, "दाजी, इटलीत आक्कानं काय बघितलं वो?"

"जातं."

"जातं?"

"अन् त्याला हळद लावली!"

गोजराच्याच पदराआडून फिस्सकन हसू फुटलं.

तर झालं होतं असं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून गेल्या मे महिन्यात रणजीतनं दोघांना इटलीच्या टूरवर धाडलं. विमानतळावर त्यानं बजावलं, "आई, तिथं कशाला हात लावायचा नाही. फक्त बघायचं."

मानसिंगनं छाती फुगवली. "अरे, तीस वर्षं मार्केटात दीडशे हमालांची मुकादमी केलीय मी! एक बाई सांभाळायला काय लागतं?"

पॉम्पेला पोचले तेव्हा ऊन असं होतं की तुर्भ्याच्या दगडखाणीला थंड हवेचं ठिकाण म्हणावं! दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. बाकीचा ग्रुप सावली शोधत होता, राजाबाई गाव बघत होती.

"रस्त्यात गाडीची चाकोरी हाय बगा! अन् ह्यो वटा कसला?"

"खानावळ होती काकू. गावभर अशा कितीतरी आहेत," टूर सांभाळणारी सुचिता म्हणाली.

"एवढ्या खानावळी? मग घरात बाया काय करत होत्या?"

सुचिता एक उत्तर देई, तोवर हिचे तीन प्रश्न तयार! मानसिंगला एकच प्रश्न पडला होता, एसी बस कुठं उभी आहे?

मग आली एक पडकी बेकरी. वर छप्पर नाही आणि आत छातीएवढी उंच चार दगडी जाती.

"अगं बाई! जातं!" राजाबाई जागच्या जागी थांबली.

पंधरा दिवसांवर लेकीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न होतं. लग्नघरातली पहिली हळद जात्याला लागते आणि अख्ख्या सोसायटीत एक जातं नव्हतं. "मिक्सरला लावा की," असं शेजारीण म्हणाली होती. ते राजाबाईला फार लागलं होतं.

ग्रुप पुढं सरकला. "अहो, जरा तिकडं बगत रावा," म्हणून ती दोरीखालून आत गेली. पर्समधली हळदीची डबी काढली, बाटलीतल्या पाण्यात हळद कालवली आणि जात्यावर पाच बोटं उठवली. कुंकवाची डबी उघडणार तोच शिट्टी वाजली!

रखवालदार धावत आला. मिशा अशा फुललेल्या, जणू चिडलेलं मांजर! "नो! नो! नो!"

मानसिंगमधला मुकादम जागा झाला. "नो टेन्शन, साहेब! वन मिनिट!" त्यानं रुमाल ओला करून घासायला सुरुवात केली. पाच बोटं होती, त्यांचं परातीएवढं पिवळंधमक वर्तुळ झालं.

"पुसू नका वो!" राजाबाई हळदीच्या बोटांनी रुमालाची कड ओढत ओरडली.

"तू गप!" म्हणत त्यानं खिशातला कागदी साबण काढला. हळदीला साबण लागला आणि जातं लालभडक! एक गोरी बाई किंचाळली. दुसरीनं मानसिंगचा हात कापलाय असं समजून त्याला बँडेज गुंडाळायला घेतलं. रखवालदारानं आणखी दोघांना बोलावलं. सुचिता पळत परत आली.

"काका, इथं हा गुन्हा आहे! पोलीस केस झाली तर उद्याची फ्लाइट विसरा!"

"अन् पोरीचं लग्न?" मानसिंगनं घासणं थांबवलं.

राजाबाई एकटी शांत होती. "सुचिता, त्यांना सांग, नुसत्या पाण्यानं साबण धुवा अन् सोडा उन्हात. हळद उन्हापुढं टिकत न्हाई. चाळीस वर्षं ह्यांच्या शर्टाचे डाग काढलेत मी."

पाणी ओतलं. लाल परत पिवळं झालं. डाग गेला तर सोडू, नाहीतर पोलीस, असं ठरलं. रखवालदार समोर खुर्ची टाकून बसला. ही दोघं ओट्यावर. बाकी सगळं पॉम्पे ग्रुपनं बघितलं, यांनी चार तास एक डाग बघितला!

राजाबाईला त्याचंही काही वाटलं नाही. "तुमच्यात लग्नाला काय लावत्यात वो?" ती रखवालदाराला मराठीतच विचारी. तो इटालियनमध्ये काहीतरी सांगे. "व्हय का!" म्हणून ही मान हलवी. शेवटी तर त्यानं हळदीची डबी मागून घेतली, हुंगली आणि दणकून शिंकला.

चार वाजता त्यानं दगडावर बोट फिरवून पाहिलं आणि हात हलवून जायला सांगितलं.

"बगा," राजाबाई म्हणाली, "पूजा बी झाली अन् जातं बी स्वच्छ!"

रुमाल तेवढा मानसिंगच्या खिशात सावलीत राहिला होता. "घरी गेल्यावर टाकते उन्हात," ती म्हणाली. मग लग्नाची धांदल आली, मग तिचं आजारपण.

एवढं सांगून मानसिंग उठला आणि बॅगेच्या कप्प्यातून रुमाल घेऊन आला. मधोमध हळद तशीच होती. कडेला तिच्या बोटाचा एक ठसाही होता.

गोजरानं तो हातात घेऊन पाहिला. "दाजी, एक दिवस ऊन दावलं की जाईल."

"माहितीय," मानसिंग म्हणाला.

त्याच्या गॅलरीत रोज अकरा ते दोन कडक ऊन असतं. रुमाल उन्हात टाकायचा अजून राहिलाय.