घरचा उमेदवार

पाणीपुरवठा खात्याच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिच्यावर उपप्रमुखांना प्रभारी म्हणून बसवलं, आणि बसल्या बसल्या त्यांचे केस पिकले. अखेर जाहिरात निघाली. उपप्रमुखांनी अर्ज केला. बायकोने माहेरी कळवूनही टाकलं.

मुलाखतीचे प्रश्न काढायला काम कळणारा माणूस हवा होता. तसे खात्यात उपप्रमुख एकटेच, तेव्हा प्रश्न त्यांनीच काढले. मग समितीने त्यांना आत बोलावून तेच प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली, आणि उत्तरं आधीच ठाऊक असणं हा अनुचित लाभ ठरवून त्यांना शून्य देण्यात आलं. बाहेरून आलेल्या उमेदवाराला एकही उत्तर आलं नाही. त्याला ‘नवी दृष्टी’ या सदरात पैकीच्या पैकी. नव्या साहेबांना काम शिकवण्याचा हुकूम प्रभारींच्या सहीने निघतो. तो उपप्रमुखांनी स्वतःच्याच नावे काढला.

मग ते कायदा अधिकाऱ्याकडे गेले. हा भेदभाव बेकायदा आहे की नाही तेवढं सांगा, म्हणाले.

“धर्म आडवा आला का? जात? वय?”

“नाही हो. घरचा म्हणून डावललं.”

“घरचा असणं कायद्यात बसत नाही. अन्याय झालाय, धडधडीत झालाय. पण आपण घरच्या प्रत्येकाला सारखंच डावलतो. याला भेदभाव नाही म्हणत, समानता म्हणतात.” मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, “मी तरी कोण? प्रभारीच.”

उपप्रमुखांनी राजीनामा फेकला. पहिल्याच उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, नवे साहेब पसार झाले, पुन्हा जाहिरात निघाली. या खेपेस उपप्रमुख बाहेरचे होते. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी “बघावं लागेल” एवढंच उत्तर दिलं. एकमताने निवड झाली. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच हाताखालचा अभियंता बढती मागायला आला. साहेबांनी त्याला प्रेमाने बसवून घेतलं.

“हुशार आहेस रे. पण पडलास घरचा.”

हसताय? गुडघा डॉक्टरला दाखवा, म्हणून बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. तुम्हाला ते पटलं कधी, तर बागेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने सांगितलं तेव्हा. आणि घरी येऊन तुम्ही तिलाच सांगितलंत, काय हुशार माणूस भेटला म्हणून.